उंटतळ्याचं वरचं तोंड

पाणी निघाल्याची बातमी डडलीच्या मावसबहिणीनं विंडोराहून फोनवर दिली. डडली माझा मेहुणा, माझ्या बायकोचा थोरला भाऊ. तो मॅरी गावातल्या माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि टोपीही न काढता म्हणाला, "दाजी, पाणी निघालंय. तुझा ट्रॅक्टर चालू होतो का अजून?"

माझी बायको त्या उन्हाळ्यात गेली होती. ती इथल्या मूळ रहिवाशांपैकी; तिच्या माणसांत गेलेल्याचं नाव बराच काळ कुणी तोंडावर आणत नाही. डडली तिला 'बहीण' म्हणतो, मी 'ती' म्हणतो. इथंही तसंच लिहितो.

आमच्याकडे पाऊस पडला नव्हता. कूपर नदीचं पाणी पावसाबरोबर येतच नाही. ते तिकडे वर क्वीन्सलंडात पडतं आणि निळ्या आकाशाखालून चालत चालत, वाटेतली तळी भरत, आठवड्यांमागून आठवडे घेत खाली येतं. कधी पोचतं, कधी वाटेतच जिरतं. या वेळचं पाणी मोठं नव्हतं. पण आमचं उंटतळं गाठेल एवढं होतं, असं मावसबहिणीचं म्हणणं.

ट्रॅक्टर कशाला हवा होता ते सांगतो. उंटतळं म्हणजे दोन लाल वाळूटेकड्यांमधला लांबट खोलगट भाग. माझे आजोबा आणि त्यांच्याबरोबरचे अफगाण तिथं उंट सोडत, म्हणून हे नाव. कोरड्या वर्षांत तिथं भेगाळलेली राखाडी माती असते आणि लिग्नमची झुडपं, तारेची भेंडोळी फेकून द्यावीत तशी. काठानं कुलीबाची झाडं. पाणी आलं की त्याच तारांना पानं फुटतात, चिखलावर नार्डूची चौपानी हिरवळ पसरते, आणि कुठून कुठून पाखरं येतात. वरच्या टोकाला तळं निमुळतं होतं आणि एका अरुंद ओढ्यानं नदीच्या पूर्व फाट्याला मिळतं. त्याला आम्ही तोंड म्हणतो. तोंडाशी, आतल्या काठाला, एक मोठं कुलीबाचं झाड आहे. तिच्या आईनं तिला त्या झाडाखाली जन्म दिला. ती त्याला 'माझं झाड' म्हणायची आणि दुसऱ्या कुणी त्याला टेकून लघवीला बसलेलं तिला चालायचं नाही. माणूस असो की कुत्रा.

गॅसच्या विहिरींकडे जाणारा रस्ता झाला तेव्हा तो बरोबर त्या तोंडावरून गेला. मातीची भर, खाली एक पाइप. पाइप पहिल्या वर्षातच गाळानं भरला. मी रस्त्याला शिव्या देऊ शकत नाही. तिची मूत्रपिंडं गेली तेव्हा याच रस्त्यानं तिला वेळेत बाहेर काढता आलं. त्यानंतर आम्ही पोर्ट ऑगस्टाला राहिलो, कारण एक दिवसाआड मशीनला लावायचं तर मशीन असेल तिथंच राहावं लागतं. मधे एकदा मी एकटा उंटतळ्यावर जाऊन आलो. झाडांचे शेंडे वाळले होते. तिचंही झाड वरून बोडकं होत चाललं होतं. परत येऊन मी तिला ते सांगितलं. सांगायला नको होतं असं तेव्हा वाटलं, आताही वाटतं.

त्या दिवसापासून तिचं एकच. "वरचं तोंड उघडा. आमच्या तळ्यात पाणी वरून येतं. तोंड उघडं असलं की पुढचं ते आपलं आपण बघतं."

शेवटच्या आठवड्यात डडली भेटायला आला, तेव्हा तिनं आम्हा दोघांना पलंगाच्या एकाच बाजूला उभं केलं. "तुम्हा दोघांना मिळून एक कुंपण सरळ घालता आलं नाही आयुष्यात," ती म्हणाली. "पण खड्डा तरी खणता येईल ना? पाणी आलं की तोंड उघडायचं. बोला, हो म्हणा."

आम्ही हो म्हणालो. डडली बाहेर व्हरांड्यात जाऊन बराच वेळ नाक शिंकरत होता.

तर ट्रॅक्टर चालू झाला. कंपनीच्या रस्त्याच्या माणसाला विचारलं. तो बिचारा सरळ माणूस होता. म्हणाला, "पाणी आलं की तो रस्ता मी बंदच करणार आहे. बंद रस्ता कापलात काय, नाही कापलात काय. कापा. नंतर भरून घेऊ." मुलगी नोरीन पोर्ट ऑगस्टाला दवाखान्यातच कामाला आहे, तिला रजा नव्हती. ती फोनवर म्हणाली, "बाबा, झाडाला पाणी लागलं की मला लगेच कळवायचं. फोटो नको. नुसतं सांग."

मॅरीहून उंटतळं दिवसभराच्या वाटेवर. ट्रॅक्टर मागं लादून गेलो. खालच्या टोकानं आत शिरलो, कारण गाडीवाट तिकडूनच आहे. तिथं दोन गोष्टी दिसल्या, त्या आत्ता मला चांगल्या आठवतात. खालच्या टोकाचं लिग्नम जरा हिरवट होतं. आणि तिकडच्या कुलीबांच्या बुंध्यांवर गुडघाभर उंचीला सुकलेल्या चिखलाची रेघ होती.

"हे ओलं कशानं झालं असेल?" मी विचारलं.

"मधे एखादं पाणी आलं असेल, तेव्हा पाइपातून थोडं झिरपलं असेल," डडली म्हणाला. "उतार इकडेच आहे ना. वरचं सगळं खाली जमतं. तुझ्या पोटासारखं."

मला ते पटलं. तो त्या तळ्यावर वाढलेला. मीही लग्नानंतरची सगळी वर्षं तिथं कुंपणं घालत काढलेली. पाणी वरून येतं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, ते आम्ही पाहिलं होतं.

तोंडावरचा बांध कापायला आम्हाला दीड दिवस लागला. वरची मुरमाची कातडी निघाली की खालची माती लोण्यासारखी निघत होती. डडली वर उभा राहून हुकूम सोडत होता. "डावीकडे. अरे, तुझं डावं. नमाजाला उभा राहतोस तेव्हा तरी दिशा कळते का तुला?"

"नमाज मी आजोबा गेले तेव्हाच सोडला," मी म्हणालो. "तू काय करतोस ते सांग, म्हणजे तुलाही एक फावडं देतो."

खाच जुन्या ओढ्याच्या तळापर्यंत नेली. रुंद, स्वच्छ. तिच्या झाडाच्या मुळांपासून हाकेच्या अंतरावरही नाही, अगदी शेजारी. काम झाल्यावर डडली त्या खाचेतून इकडून तिकडे चालत गेला, बहिणीला दाखवावं तसा. मग ट्रॅक्टर कुठं ठेवायचा ते ठरवलं. पाणी वरून येणार, म्हणजे सगळ्यात शेवटी भिजणार ते खालचं टोक. म्हणून तो खालच्या टोकाला, कुंपणाच्या खांबापाशी नेऊन उभा केला. आमची गाडी आणि मुक्काम वर, तोंडाशेजारच्या वाळूटेकडीच्या उतारावर. पाणी खाचेतून आत येताना पहिल्या रांगेत बसून बघायचं होतं.

दोन दिवस आम्ही वरच्या ओढ्याकडे तोंड करून बसलो. राखेत जाड भाकर भाजली, चहा उकळला, डबाबंद मांस खाल्लं. डडलीनं मासे पकडायची दोरी आधीच गुंडाळून तयार ठेवली होती. वरचा ओढा कोरडा. मुंग्याही हलत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी उजाडताना मला पाखरांचा आवाज आला, पण पाठीमागून. मी उठून बसलो. डडली आधीच टेकडीवर चढून खाली बघत होता.

"दाजी," तो म्हणाला, "तुझा ट्रॅक्टर अंघोळ करतोय."

मी वर गेलो. तळ्याच्या खालच्या टोकाला पाणी होतं. ट्रॅक्टर सीटपर्यंत बुडाला होता आणि त्याच्या धुराड्यावर एक पाणकावळा बसला होता. पाण्याची कड आमच्या दिशेनं सरकत होती, माणूस मुलाला घेऊन चालतो त्या वेगानं. पुढे फेस, वाळल्या काटक्या, आणि त्यांच्याही पुढे पळणारे कोळी, गोमी, किडे. भेगांत पाणी शिरताना मातीतून फुसफुस आवाज येत होता.

"हे मागून कसं आलं?" मी म्हणालो.

"येऊ दे ना कुठूनही! आलं ना?" डडलीनं मला मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदाच मारली असेल. "वरचंही येईल मागोमाग. दोन्हीकडून भरेल. असं तळं बघितलंस का कधी? ट्रॅक्टरचं रडू नकोस, मी घेऊन देतो दुसरा."

"कशातून?"

"पुढच्या जन्मी."

आम्ही खाली उतरलो आणि सकाळभर त्या कडेबरोबर चालत परत वर आलो. लिग्नमच्या झुडपांत साप चढून बसले होते, त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. एकेक कुलीबा पाण्यात येत होता. दुपारी पाणी तिच्या झाडाशी आलं. आधी एका मुळाभोवती फिरलं, मग दुसऱ्या, मग बुंध्याला लागलं. डडलीनं टोपी काढली. मी गाडीतल्या रेडिओवरून नोरीनला निरोप पाठवला: लागलं.

मग पाणी पुढे सरकलं आणि आम्ही कापलेल्या खाचेतून बाहेर पडलं.

बाहेर वरचा कोरडा ओढा, आणि त्याला लागून एक मोठं खारं मैदान, तळ्यापेक्षा जरा खोलच. पाणी आधी दबकत गेलं, मग वाट सापडल्यासारखं वाहू लागलं. आम्ही बांधावर बसून बघत होतो. आम्हाला तेही चांगलंच वाटलं. आतलं पाणी बाहेरच्याला भेटायला निघालंय, असं डडली म्हणाला.

तासाभरानं मी झाडाकडे बघितलं. बुंध्यावर ओली रेघ होती आणि पाणी त्या रेघेच्या खाली होतं.

मी गाडीत जाऊन रेडिओ लावला. नदीवर आमच्या वरच्या अंगाला बर्निस नावाची बाई गुरं पाळते. तिला विचारलं, पूर्व फाट्यात पाणी कुठवर आलंय.

"पूर्व फाट्यात?" बर्निस म्हणाली. "हॅबी, पूर्व फाट्यात थेंब गेलेला नाही. वर, पूर्व फाटा सुटतो तिथं रस्ता नदी ओलांडतो ना, तिथं त्यांनी वीतभर भर घातलीय. मोठं पाणी असलं तर वरून जातं. एवढंसं असलं की सगळं पश्चिमेला वळतं आणि टेकडीला वळसा घालून तुमच्या खालच्या अंगाला येतं. मागच्या वेळीही तसंच झालं. तुम्ही तेव्हा पोर्ट ऑगस्टाला होतात."

"अजून वाढेल का?"

"माझ्याकडे काल दुपारपासून उतरतंय. या वेळी एवढंच रे."

वीतभर. आमच्या सपाट मुलखात वीतभर म्हणजे डोंगर. मी परत बांधावर गेलो आणि डडलीला सांगितलं. खालून आलेलं हेच पाणी आहे, दुसरं नाही. ते तळ्यात राहिलं तर महिनोन्महिने राहील. कुलीबाला नुसतं पाणी लागून भागत नाही, मुळं आठवडेच्या आठवडे भिजावी लागतात. आणि आपण त्याला दार करून दिलंय.

"बुजवू या," मी म्हणालो.

डडली बांधावरून उठला. "तिनं उघडा म्हटलं होतं."

"ते जुनं पाणी होतं, डडली. ते वरून यायचं."

"माझी बहीण मरताना काय म्हणाली? तू तिथंच होतास ना? तू हो म्हणालास ना? आणि तीन दिवसांत फिरलास?"

"तळं रिकामं होतंय, बघ तरी."

"वरून येईल. उद्या येईल. बर्निसला काय कळतं? तिची गुरंसुद्धा तिला विचारून पाणी पीत नाहीत." त्यानं खारट मैदानाकडे पाठ केली, तळ्याकडेही पाठ केली आणि रस्त्याच्या मधोमध बसला. "मी नाही बुजवणार. तुला तिचं बोलणं मोडायचं असेल तर मोड. तू बाहेरचा आहेस. तुला सोपं आहे."

इतक्या वर्षांत त्यानं मला हे कधी म्हटलं नव्हतं. मी फावडं आणायला गाडीकडे गेलो. भांडायला वेळ नव्हता.

ट्रॅक्टर पाण्यात. हातात दोन फावडी. मी माती टाकली, ती पडल्या पडल्या वाहून गेली. खाचेच्या कडा ढासळत होत्या, ती रुंदच होत चालली होती. मी कुऱ्हाडीनं लिग्नम तोडलं, मोळ्या करून खाचेत टाकल्या. त्या तरंगून बाहेर गेल्या. मोळीवर पाय देऊन उभं राहिलं तर ती बसते, पण मग माती कोण टाकणार? मी मोळीवर उभा राहून हाताला येईल तेवढा चिखल ओढत होतो आणि एका बाजूनं पाय सटकत होता. माझं वय सत्तरीकडे आलंय. मी दोनदा पडलो. दुसऱ्यांदा पाणी नाकातोंडात गेलं.

वर आलो तेव्हा डडली खाचेत उतरलेला होता. कमरेएवढ्या पाण्यात, लिग्नमच्या मोळ्यांवर दोन्ही पाय रोवून, हात छातीशी बांधून.

"मी बुजवत नाहीये," तो म्हणाला. "मी फक्त इथं उभा आहे."

"उभा राहा."

"कुणी विचारलं तर सांगायचं, डडली उभा होता."

मी त्याच्या पायांशी मोळ्या टाकल्या, त्यावर आमच्या वळकट्यांचं जाड कापड टाकलं, त्यावर माती. तो एकेक पाय उचलून नव्या मोळीवर ठेवत होता आणि मला शिव्या घालत होता. "माझ्या पायावर टाकतोस. अरे गाढवा, तो माझा पाय आहे. मला पुरतोस की काय इथं? दोघांची मढी एकदमच नको न्यायला लावूस, नोरीनला खर्च होईल." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता, कारण हात बांधलेले होते. सूर्य मावळता मावळता खाचेतली भर धरली. झिरपत होती, पण धरली.

तेवढ्या वेळात जायचं ते पाणी गेलं होतं. खारट मैदानावर लांबवर एक पातळ चमकता थर पसरला होता, आणि तिसऱ्या दिवशी तोही नव्हता. तळ्यातलं पाणी तिच्या झाडापासून वीस-पंचवीस पावलं मागं जाऊन थांबलं. झाडाच्या बुंध्याशी चिखल राहिला. आम्ही डब्यांनी पाणी नेऊन ओतलं, रोज, निघेपर्यंत. डडली म्हणाला, "एवढ्यानं त्याचा घसासुद्धा ओला व्हायचा नाही." पण डबा तोच भरून आणत होता.

रस्ता पुन्हा सुरू झाला तेव्हा थंडी सरली होती. नोरीन आली. तिला घेऊन आम्ही गेलो. खालच्या टोकाला अजून पाणी होतं, बगळे होते, लिग्नम हिरवंगार. तिकडच्या कुलीबांनी नवी पानं काढली होती. आणि पाणी जिथवर येऊन थांबलं होतं त्या कडेनं, चिखलात, बोटाएवढी रोपं उगवली होती, तांबड्या देठांची, कुणी दोरी धरून लावावीत तशी रांगेत. पाणी जिथं थांबतं तिथंच ती उगवतात. रांग तिच्या झाडापासून दूर होती.

तिच्या झाडानं त्या हिवाळ्यात उरलेली पानंही टाकली. नोरीननं बुंध्याला हात लावला. साल तिच्या हाताखाली सुटी झाली.

"पण आईच म्हणाली होती ना, तोंड उघडा?" तिनं विचारलं.

"हो."

"मग तुम्ही तिचं ऐकलंत. तुमची काय चूक?"

"तुझ्या बापाची नाही," डडली म्हणाला. "माझी. मी संध्याकाळपर्यंत बसून राहिलो." पहिल्यांदाच तो हे बोलत होता. मग लगेच म्हणाला, "अर्धी माझी. अर्धी त्या रस्त्याची. तुझ्या बापाच्या वाट्याला ट्रॅक्टर."

नोरीन हसली आणि मग रडली. डडली तिला घेऊन रोपं दाखवायला खाली गेला. सशांपासून राखायला जाळी लावायची असं त्यांचं चाललं होतं, वाऱ्यावर ऐकू येत होतं.

मी झाडापाशी बसलो. माझ्या मनात चूक कुणाची हे नव्हतं. ती इथं आली असती तर खालच्या टोकालाच गाडी थांबवायला लावली असती. हिरवं लिग्नम आणि चिखलाची रेघ बघून तिनं आधी मला खोटं पाडलं असतं, मग स्वतःला, आणि मग म्हणाली असती, अरे, याची वाट बदललीय. तिला ते कळायला एक दुपार पुरली असती. नर्सनं आम्हाला सांगितलं होतं की एखादा दिवस मशीन चुकलं तर चालतं, मधे कुठं जाऊन यायचं असेल तर जाऊन या. मी तिला विचारलं होतं, तळ्यावर जाऊन येऊ या का. कोरड्यात काय बघायचं, ती म्हणाली. पाणी आलं की जाऊ. मलाही तेच बरं वाटलं.